रोजच्या वापरासाठी अंबर-व्हॅनिलाचा ऊबदार परफ्यूम कसा निवडावा

अंबर आणि व्हॅनिला यांच्या परफ्यूमची निवड पहिल्या फवाऱ्यावरून करू नये. लिंबूवर्गीय किंवा हलक्या फुलांच्या सुगंधांत फवारताक्षणी जे जाणवते तेच बहुतांशी त्या सुगंधाचे सार असते आणि तास-दोन तासांत ते विरूनही जाते. अंबर-व्हॅनिलाचे तसे नाही. त्यातील राळा, बाल्सम (झाडांचा दाट, सुगंधी चीक) आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा मुख्य सुगंधी घटक) ही सारी सावकाश उडणारी द्रव्ये असून परफ्यूमच्या रचनेत ती तळाशी बसतात. पहिली पंधरा-वीस मिनिटे नाकाला जाणवतो तो त्यांच्यावर चढवलेला बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ, संत्रे, मिरी किंवा वेलदोडा यांचा वरचा थर, आणि खरेदीचा निर्णय बहुतेक वेळा नेमक्या याच थरावर भाळून घेतला जातो. त्यानंतर दिवसभर अंगावर राहतो तो सुगंध वेगळाच असतो. रोज लावायचा परफ्यूम सहा-आठ तास आपल्यासोबत आणि आपल्या शेजारी बसणाऱ्यांसोबत राहणार असल्याने त्याची पारख सहाव्या तासाला येणाऱ्या वासावरून करावी; पुढील सर्व सूचना याच एका तत्त्वातून निघतात.

लेबलवर ‘अंबर’ असते तेव्हा बाटलीत काय असते

या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या स्वभावांचे सुगंध विकले जातात, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांची निवड फसते. पहिला आणि परंपरेने खरा मानला जाणारा प्रकार म्हणजे राळांपासून बांधलेला गोडसर, दाट अंबर. दागिन्यांत वापरतात त्या पिवळ्या जीवाश्म राळेशी त्याचा संबंध नाही. भूमध्य सागराच्या परिसरात वाढणाऱ्या सिस्टस नावाच्या झुडपाच्या पानांवर व कोवळ्या फांद्यांवर जो चिकट स्राव येतो त्यापासून लॅब्डेनम मिळते. त्याचा वास उष्ण, किंचित चामड्यासारखा आणि मागाहून गोड होत जाणारा असतो. त्याला स्टायरॅक्स जातीच्या झाडांपासून मिळणाऱ्या लोबानाची, म्हणजे बेन्झोइनची, मऊ गोडी आणि व्हॅनिलाची जोड दिली की परफ्यूमकारांचा ‘अंबर’ तयार होतो. कधी त्यात टोलू बाल्सम किंवा टोंका या झाडाची गोड वासाची बीही असते. व्हॅनिला हा या अंबराचाच एक घटक असल्यामुळे ही जोडी इतकी सहज जमते.

दुसरा प्रकार स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरग्रिसच्या वासावर बेतलेला आहे. खरे अंबरग्रिस अतिशय दुर्मीळ असून आजच्या नेहमीच्या परफ्यूममध्ये त्याची जागा अँब्रॉक्सनसारख्या द्रव्यांनी घेतली आहे. क्लॅरी सेज या वनस्पतीतील स्क्लॅरिऑल या घटकापासून अँब्रॉक्सन बनवता येते. त्याचा वास कोरडा, स्वच्छ, थोडा खारा आणि उन्हात तापलेल्या त्वचेसारखा असतो. त्यात राळेचा दाटपणा नसतो. तिसरा प्रकार आधुनिक काष्ठगंधी रसायनांचा, ज्याला अनेक पेट्यांवर ‘अंबरवूड’ असे म्हटलेले आढळते. हा अत्यंत कोरडा, धारदार आणि खोलीभर पसरणारा असतो. अल्प प्रमाणात तो गोड सुगंधाला कणा देतो, परंतु प्रमाण वाढले की काही जणांच्या नाकाला तो अक्षरशः टोचतो, तर काहींना जवळजवळ जाणवतच नाही.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी 2021 मध्ये ‘ओरिएंटल’ हे जुने कुलनाम सोडून त्या जागी ‘अंबर’ हे नाव स्वीकारले. तेव्हापासून ‘फ्लोरल अंबर’ किंवा ‘वुडी अंबर’ असे शब्द परफ्यूमच्या वर्णनांत सर्रास दिसतात, पण ते कुलाचे नाव असते. बाटलीत लॅब्डेनम आहे याची ती हमी नव्हे. म्हणून वर्णन वाचताना ‘अंबर’ या शब्दाशी न थांबता त्याच्या आगेमागे कोणती नावे आहेत ते पाहावे. लॅब्डेनम, बेन्झोइन, टोंका, बाल्सम असे शब्द असतील तर ऊबदार, गोडसर दाटपणा अपेक्षित धरावा. समुद्र, खनिज, मीठ, मस्क (कस्तुरीसारखा गंध) असे शब्द असतील तर सुगंध दुसऱ्या प्रकारचा असण्याची शक्यता अधिक.

व्हॅनिलाचे स्वभाव

व्हॅनिला ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या भागातील एका ऑर्किडची शेंग असून, कच्ची असताना तिला तो ओळखीचा वास नसतो. शेंगा गरम करून, घाम आणून, सावकाश वाळवल्यावर तो उतरतो. तिच्यातील मुख्य सुगंधी घटक व्हॅनिलिन 1858 मध्ये निकोला-तेओदोर गोब्ले यांनी वेगळा केला आणि 1874 मध्ये विल्हेल्म हारमान व फर्डिनांड टीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. परफ्यूमच्या इतिहासाला यामुळे वळण मिळाले. गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या 1889 च्या ‘जिकी’मध्ये कृत्रिम व्हॅनिलिन वापरले गेले आणि त्याच घराण्याच्या 1925 च्या ‘शालिमार’मध्ये त्याहून कितीतरी तीव्र असे एथिल व्हॅनिलिन. म्हणजे कृत्रिम व्हॅनिला ही अलीकडची तडजोड आहे असे समजण्याचे कारण नाही. या कुलातील अभिजात सुगंध तिच्यावरच उभे आहेत. ‘नैसर्गिक’ या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी हे आठवावे. नैसर्गिक अर्काला त्याचे सौंदर्य नक्कीच आहे, कारण त्यात व्हॅनिलिनखेरीज तंबाखू, चामडे, धूर आणि लाकूड यांच्या छटा असतात. मात्र कुशल परफ्यूमकार या छटा इतर मार्गांनीही उभ्या करू शकतो.

निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की व्हॅनिलाची जातकुळी परफ्यूमगणिक बदलते. एक व्हॅनिला खाद्यगंधी असते. तिच्यासोबत एथिल माल्टॉल असते, ज्याला जळत्या साखरेचा, कॅरॅमलचा वास येतो. 1992 मध्ये आलेल्या ‘एंजल’ या परफ्यूमने या द्रव्याला मोठ्या प्रमाणावर मान्यता मिळवून दिली, पण तिथेही त्याच्यासमोर पॅचुली या वनस्पतीच्या पानांचा मातकट, कडवट भार उभा केला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यानंतर आलेल्या बऱ्याच परफ्यूममध्ये साखर राहिली आणि तो भार गेला. दुसरी व्हॅनिला पावडरीसारखी मऊ असते. टोंका किंवा हेलिओट्रोप, आयरिस या फुलझाडांच्या साथीने ती येते आणि अंगाला लागून राहते. तिसरी कोरडी, काष्ठगंधी व धुरकट असते, आणि चौथी राळेत विरघळलेली, जिच्यात व्हॅनिला कुठे संपते आणि अंबर कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

रोजच्या वापरासाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या जातीची व्हॅनिला निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाद्यगंधी गोडी पहिल्या दिवशी मोहात पाडते, परंतु ती कपड्यांना चिकटून राहते, बंद खोलीत दाटत जाते आणि आठवड्याभरात लावणाऱ्यालाच नकोशी होते. ऊब हवी असेल तर ती गोडीतूनच येते असे नाही. लॅब्डेनमची उष्णता, चंदनाची साय, मस्कचा मऊपणा यांतूनही ऊब येते आणि ती अधिक दिवस प्रिय राहते.

गोडीला तोलून धरणारे काय आहे

एखादा अंबर-व्हॅनिला परफ्यूम पुरता आवडला तरी स्वतःला एक प्रश्न विचारावा: यात गोडीला विरोध करणारे काय आहे? उत्तर सापडले नाही तर तो परफ्यूम रोजच्या कामाचा नाही. शालिमारचीच रचना पाहावी. खाली व्हॅनिला, टोंका आणि धुरकट राळा आहेत, पण वर बर्गमॉटचा मोठा वाटा आहे, आणि त्या तजेल्यामुळे खालचा सगळा डोलारा जड वाटत नाही. अर्थात बर्गमॉट लवकर उडून जातो. म्हणून दिवसभर तोल राखायचा असेल तर विरोध तळातही हवा. वाळा हे काम उत्तम करतो, कारण तो कोरडा, मुळांचा, किंचित कडवट असतो आणि व्हॅनिलाइतकाच टिकतो. देवदाराचे लाकूड, धूप, पॅचुली यांचाही उपयोग होतो. लॅव्हेंडर मधल्या थरात असेल तर व्हॅनिलाला स्वच्छ, नुकत्याच धुतलेल्या कपड्यांसारखे रूप येते. ज्यांना गोड सुगंध आवडतो पण ‘गोड वास येणारी व्यक्ती’ व्हायचे नाही त्यांनी ही जोडी आवर्जून पाहावी.

पारख कशी करावी

पारखायला जाण्याच्या दिवशी अंगाला दुसरा कोणताही सुगंध नसावा. सुगंधी साबण, लोशन आणि केसांचे तेलसुद्धा टाळता आले तर टाळावे. आधी कागदी पट्टीवर फवारावे आणि लगेच नाकाशी न नेता मद्यार्क उडून जाईपर्यंत थांबावे. पट्टीचा उपयोग नको ते वगळण्यासाठी आहे; पसंतीचा कौल तिच्यावरून देऊ नये. पट्ट्यांवरून दोन परफ्यूम निवडावेत आणि एकेका हाताच्या आतल्या बाजूला एकेक फवारावा. दोनपेक्षा अधिक त्वचेवर घेऊ नयेत, कारण या कुलातील सुगंध दाट असल्याने ते एकमेकांत मिसळतात आणि नाक लवकर थकते. मनगटे एकमेकांवर घासण्याची सवय अनेकांना असते; घासल्याने उष्णता वाढून वरचा थर घाईने उडतो आणि हाताशी काही लागत नाही.

नंतर तिथून बाहेर पडावे. या टप्प्यावर खरेदी केली नाही तर काहीही बिघडत नाही. पंधरा मिनिटांनी, तासाने, तीन तासांनी आणि सहा तासांनी मनगट हुंगावे आणि प्रत्येक वेळी दोन-चार शब्द लिहून ठेवावेत. ‘छान’, ‘बरा’ असे शब्द पुढे निरुपयोगी ठरतात. ‘कोरडा’, ‘पावडरीसारखा’, ‘जळकी साखर’, ‘प्लास्टिकसारखा’, ‘घशाशी येणारा’ असे लिहिले तर तुलना करता येते. चांगल्या अंबरात तीन तासांच्या सुमारास एक बदल घडतो: गोडी थोडी मागे सरते, राळेचा उष्ण, खोल वास पुढे येतो आणि तो त्वचेपासून वेगळा ओळखता येत नाही. साधारण प्रतीच्या परफ्यूममध्ये उलट घडते. बाकी सारे उडून जाते, मागे एकट्या व्हॅनिलिनचा सपाट गोडवा उरतो आणि तो पुढे कित्येक तास तसाच राहतो. कागदी पट्टीही टाकून देऊ नये. ती पाकिटात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगावी, कारण उद्या आपल्या कोटाला किंवा ओढणीला जो वास येणार आहे तो जवळपास तोच असेल.

आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे परफ्यूम उडाला असे समजू नये. सतत असलेल्या गंधाकडे नाक काही वेळाने दुर्लक्ष करू लागते, आणि व्हॅनिला, मस्क व अँब्रॉक्सनच्या बाबतीत हा अनुभव फार येतो. शिवाय काही मस्क काही माणसांना मुळातच जाणवत नाहीत. यासाठी विश्वासातल्या एखाद्या व्यक्तीला चौथ्या-पाचव्या तासाला विचारावे, आणि प्रश्न ‘आवडला का?’ असा न विचारता ‘किती अंतरावरून वास येतो?’ असा विचारावा. परफ्यूमच्या दोन चाचण्यांमध्ये कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत आहे. त्याऐवजी मोकळ्या हवेत पाच मिनिटे उभे राहणे किंवा स्वतःच्या कोपराच्या खळग्यातील विनासुगंध त्वचा हुंगणे पुरते.

एका दिवसाची पारख मात्र पुरेशी नाही. उष्ण आणि दमट हवेत ही द्रव्ये झपाट्याने उडतात, गोडी वाढल्यासारखी वाटते आणि संयत वाटलेला परफ्यूम अंगावर येतो. थंड, कोरड्या हवेत तोच परफ्यूम दबलेला आणि सभ्य राहतो. म्हणून एक-दोन मिलिलिटरची नमुना-कुपी मिळवून तो गर्दीच्या प्रवासात, बंद खोलीतील कामात, जेवताना आणि थकलेल्या संध्याकाळी वापरून पाहावा. बहुतेक फवाऱ्यांतून एका वेळी सुमारे 0.1 मिलिलिटर किंवा त्याहून थोडे कमी द्रव्य बाहेर पडते, तेव्हा दोन मिलिलिटरच्या कुपीत वीसेक फवारे, म्हणजे रोज दोन याप्रमाणे दहा दिवस निघतात. दहा दिवसांनंतरही सकाळी हात आपोआप त्या कुपीकडे गेला तर निवड झाली असे खुशाल समजावे.

तीव्रता आणि मात्रा

ओ द तॉयलेत, ओ द परफ्यूम आणि परफ्यूम ही नावे सुगंधी अर्काच्या वाढत्या प्रमाणाची आहेत. ढोबळमानाने पहिल्यात पाच ते पंधरा टक्के, दुसऱ्यात पंधरा ते वीस आणि तिसऱ्यात वीस ते तीस टक्के अर्क असतो. मात्र हे आकडे रूढीचे आहेत आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या परीने पाळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच नावाच्या दोन तीव्रता अनेकदा दोन वेगळ्या रचना असतात. ओ द तॉयलेतमध्ये वरचा ताजा थर मोठा ठेवलेला असतो, तर ओ द परफ्यूममध्ये राळ आणि व्हॅनिला वाढवलेली असते. त्यामुळे एक आवडला म्हणून दुसरा न पारखता घेऊ नये. या कुलातील तळाची द्रव्ये मुळातच टिकाऊ असल्याने रोजच्या वापराला ओ द तॉयलेत बहुधा पुरतो, आणि ‘जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगला’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

लावताना दोन फवारे पुरेत: एक छातीवर, कपड्यांच्या आत, आणि एक मानेच्या मागे किंवा कोपराच्या खळग्यात. कपड्यांच्या आत लावलेला सुगंध शरीराच्या उष्णतेने हळूहळू वर येतो आणि अंबराला हेच मानवते. त्वचा कोरडी असेल तर सुगंध लवकर विरतो. अशा वेळी फवारे वाढवण्यापेक्षा आधी वास नसलेले मॉइश्चरायझर लावावे. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाला दरवळ जाणवावा आणि त्यापलीकडे जाऊ नये, ही रोजच्या वापराची योग्य मर्यादा आहे. तीव्र सुगंधाने अनेकांची अर्धशिशी उठते किंवा दम्याचा त्रास बळावतो, आणि कामाच्या जागी शेजारच्याला तिथून उठून जाण्याची सोय नसते. हे भान गोड, जड सुगंध वापरणाऱ्याने इतरांपेक्षा अधिक ठेवायला हवे.

त्वचा आणि कपडे

राळा आणि बाल्सम यांच्यामुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होऊ शकते; पेरू बाल्सम तर त्यासाठी चांगलेच परिचित आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ठरावीक सुगंधी ॲलर्जीकारक घटकांची नावे, त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात त्यांचे प्रमाण 0.001 टक्क्यापेक्षा अधिक असल्यास, वेष्टनावर द्यावी लागतात. आधी अशी 26 नावे होती आणि 2023 च्या सुधारणेने ती यादी ऐंशीच्या पुढे गेली. ही बारीक अक्षरे निवडीलाही उपयोगी पडतात: ‘कुमारिन’ दिसले तर टोंकासारखी, वाळल्या गवताची गोडी, आणि ‘बेन्झिल बेन्झोएट’ दिसले तर बाल्समची शक्यता असते, जरी ही द्रव्ये इतर कारणांसाठीही घातली जातात. पूर्वी त्रास झाला असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास तो परफ्यूम कितीही आवडला तरी सोडून द्यावा.

कपड्यांच्या बाबतीत एक साधी परीक्षा आहे. बाटलीतील द्रव पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावा. तो गडद सोनेरी किंवा तपकिरी असेल तर पांढऱ्या कॉलरवर, रेशमावर आणि फिकट रंगाच्या कपड्यावर थेट फवारू नये. राळांचा स्वतःचा रंग असतो, आणि व्हॅनिलिन हवा व प्रकाश यांच्या संपर्कात काळवंडत जाते, त्यामुळे आज न दिसणारा डाग काही आठवड्यांनी पिवळा होऊन उमटू शकतो.

याच कारणाने घरातील बाटलीचा रंगही वर्षभरात गडद होतो. तो बिघाड नव्हे. सुरुवातीलाच आंबूस किंवा नखरंगासारखा वास येऊ लागला आणि तो दहा मिनिटांतही गेला नाही तर मात्र परफ्यूम खराब झाला असे समजावे. बाटली तिच्या खोक्यात, उजेडापासून दूर आणि तापमान फारसे बदलत नाही अशा कपाटात ठेवावी. न्हाणीघरातील फळी ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. पहिली खरेदी 30 मिलिलिटरची करावी. रोज दोन फवारे या हिशेबाने ती साधारण पाच महिने पुरते, तेवढ्या काळात हवामान एकदा तरी बदलते, आणि मोठी बाटली घ्यायची की नाही हे तोवर कळलेले असते.